पेट्रोल चढत नाही

जुनी गाडी घेऊन कुणी दारात आलं की चाचा बॉनेट उघडत नाहीत. आधी विचारतात, "बंद पडल्यावर तुम्ही काय केलं? आणि किती वेळानं परत चालू झाली?" बहुतेकांना याचं नीट उत्तर देता येत नाही. गाडी बंद पडल्यावर माणूस घाबरतो, चिडतो, फोन लावतो; घड्याळ बघत नाही. चाचांच्या मते मात्र अर्धा रोग या उत्तरात असतो.

नाशिकच्या द्वारका सर्कलहून वडाळा नाक्याकडे जाताना गॅरेजांची जी दाटी लागते, तिच्यातल्या एका पत्र्याच्या शेडमध्ये त्यांचं काम चालतं. नावाचा बोर्ड नाही. नव्या गाड्या ते घेत नाहीत. 'कॉम्प्युटरवाल्या' गाड्या शेजारचा पोरगा बघतो. यांच्याकडे येतात त्या फियाट, अ‍ॅम्बेसेडर, महिंद्राच्या जुन्या पेट्रोल जीप, एखादी स्टँडर्ड हेराल्ड. मी तिथे जात होतो ते गंगापूर रोडला राहणाऱ्या एका निवृत्त प्राध्यापकांच्या मागोमाग. त्यांची १९६८ची फियाट ११०० डिलाइट. वडिलांनी घेतलेली, कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यात बनलेली. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली काढलेली ही कंपनी. हीच गाडी पुढे नावं बदलत 'प्रेसिडेंट' आणि मग 'पद्मिनी' झाली, आणि आपल्यापैकी अनेकांनी ती मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीच्या रूपातच पाहिली.

सरांची तक्रार अशी: गावात गाडी उत्तम चालते. कॉलेज रोड, सीबीएस, पंचवटी, कुठेही न्या. मुंबईच्या दिशेनं निघून पांडवलेणी ओलांडली आणि साठ-पासष्टचा वेग धरला, की विल्होळीच्या पुढे कुठेतरी आचके द्यायला लागते. अ‍ॅक्सिलरेटर दाबावा तशी जास्तच गुदमरते, आणि बंद. दहा-पंधरा मिनिटं थांबलं की एका सेल्फमध्ये सुरू, जणू काही झालंच नव्हतं. मग पुन्हा पाच-सात किलोमीटर.

चाचांकडे येण्याआधी गाडी तीन जणांच्या हातांतून गेली होती. एकानं कार्बोरेटर उघडून धुतला. दुसऱ्यानं पेट्रोल पंपाचं किट बदललं. तिसऱ्यानं 'व्हेपर लॉक आहे साहेब, उन्हाळ्यात होणारच' असं सांगून पंपावर ओलं फडकं बांधलं आणि पैसे घेतले. प्रत्येक वेळी गाडी थोडे दिवस बरी चालली आणि पुन्हा तिथेच आली.

गॅरेजच्या भाषेत या दुखण्याला एकच वाक्य आहे: पेट्रोल चढत नाही. ते किती नेमकं आहे हे गाडीची रचना बघितल्यावर कळतं. फियाटची टाकी मागे, डिकीशी, इंजिन पुढे. टाकीत वरून एक नळी बुडवलेली असते. तिच्या तळाच्या टोकाला बारीक जाळी. त्या नळीपासून रबराचा छोटा तुकडा, मग गाडीच्या पोटाखालून पुढे येणारी लांब धातूची नळी, पुढे पुन्हा रबर, मग इंजिनाच्या बाजूला बसवलेला यांत्रिक पंप आणि शेवटी कार्बोरेटर. पंपापासून कार्बोरेटरपर्यंत पेट्रोल ढकललं जातं. टाकीपासून पंपापर्यंत मात्र ते ओढावं लागतं. ढकलण्याच्या बाजूला भोक पडलं तर पेट्रोल बाहेर गळतं आणि वास येतो. ओढण्याच्या बाजूला भोक पडलं तर थेंबही गळेल याची खात्री नाही. उलट बाहेरची हवा आत जाते. मिस्त्री म्हणतात, 'पाइप हवा पकडतो.' ही हवा दिसत नाही, म्हणून तिच्यावर कुणी संशय घेत नाही.

पंपही साधाच. इंजिनाचा कॅमशाफ्ट फिरताना एका दांड्याला मारा देतो, दांडा एक पडदा खाली ओढतो, पोकळी तयार होते आणि पेट्रोल आत येतं. पडदा वर ढकलण्याचं काम इंजिन करत नाही, एक स्प्रिंग करते. म्हणून पुढचा दाब त्या स्प्रिंगच्या ताकदीइतकाच राहतो, इंजिन कितीही फिरलं तरी. कार्बोरेटरची वाटी भरली की फ्लोट वर येतो, निडल भोक बंद करते, पडदा खालीच अडकून राहतो आणि दांडा मोकळाच हलत राहतो. कुठलीही वायर नाही, सेन्सर नाही. दाब किती, तर वातावरणाच्या दाबाच्या चौथ्या-पाचव्या हिश्शाइतका. ज्या गावाच्या एका चौकाचं नावच 'मायको सर्कल' आहे, जिथे सातपूरच्या कारखान्यात डिझेल इंजेक्टरचे नोझल बनतात, तिथल्या माणसाला हा आकडा हास्यास्पद वाटेल. आजच्या डिझेल गाडीत इंधनाचा दाब हजार बारच्या कितीतरी वर जातो. तिथे कचऱ्याचा कण गेला तर काम संपलं. फियाट कण गिळते, खोकते आणि तरीही घरी आणते. म्हणूनच तिचं दुखणं वर्षानुवर्षं अंगावर काढता येतं.

चाचांनी सरांना बाकावर बसवलं आणि एका खोक्याच्या पुठ्ठ्यावर हिशेब मांडला. गाडी लिटरला साधारण चौदा किलोमीटर देते. सत्तरच्या वेगानं तासाला पाच लिटर लागतात. म्हणजे मिनिटाला ऐंशी मिलिलिटरच्या वर. सिग्नलला उभी असताना याचा पाचवा-सहावा हिस्सा पुरतो. "गावात हिला पेट्रोल लागतंच किती, सर? कितीही अडलेली लाइन तेवढं देणार. हायवेला मागणी वाढली की उघडं पडतं." कार्बोरेटरच्या वाटीत थोडं पेट्रोल साठलेलं असतं, ते संपेपर्यंत गाडी पळते, मग आचके. आचके देताना अ‍ॅक्सिलरेटर दाबला तर मागणी आणखी वाढते आणि गाडी लवकर मरते. सर ज्याला गाडीचा लहरीपणा समजत होते, त्याचा हा सरळ भागाकार निघाला.

आता व्हेपर लॉक. जुन्या गाडीच्या जगात हा सर्वांत लाडका आरोपी आहे, आणि त्याची बदनामी अगदीच खोटी नाही. पेट्रोल हा एकच पदार्थ नाही. त्यातले हलके घटक चाळीस अंशांच्या आसपासच उकळायला लागतात. त्यात ओढण्याच्या बाजूला दाब कमी असतो, म्हणून उकळबिंदू आणखी खाली येतो. नाशिकच्या मे महिन्यात सावलीतच चाळिशी गाठली जाते. बॉनेटखालची गोष्टच वेगळी. नळीत वाफेचा फुगा झाला की पंप वाफच दाबत बसतो, पेट्रोल पुढे सरकत नाही. कसारा घाट चढून येणाऱ्या गाड्या घाटनदेवीपाशी बॉनेट उघडून उभ्या असायच्या ते दृश्य ज्यांनी पाहिलंय, त्यांना हे सांगायला नको. कमी वेग, खालचा गिअर, पूर्ण भार, मागून येणारा वारा. पंपावर ओलं फडकं टाकायची युक्ती तिथलीच. पाणी सुकताना पंपाची उष्णता घेऊन जातं, त्यामुळे ती खरोखर काम करते. अमेरिकेतले जुन्या गाड्यांचे मालक याच आजारावर इंधनाच्या नळीला कपडे वाळत घालायचे लाकडी चिमटे लावतात. त्यावर माझा काडीचा विश्वास नाही.

पण व्हेपर लॉकला त्याची स्वतःची वेळ असते. तो होतो घाटात, ट्रॅफिकमध्ये, किंवा गाडी तापवून चहाला थांबल्यावर, कारण थांबल्यावर पंखा बंद होतो, वारा थांबतो आणि इंजिनाची सगळी उष्णता पंपात आणि नळीत शिरते. चहा पिऊन आल्यावर गाडी सुरू होत नाही, ही त्याची खूण. सरांची गाडी उलट वागत होती: सपाट रस्त्यावर, समोरून भरपूर वारा लागत असताना बंद पडायची आणि थांबवून ठेवली की सुरू व्हायची. शिवाय जानेवारीत, पहाटे सहाला, निफाडला पारा कुठे असतो ते सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे, तेव्हाही ती विल्होळीला थांबली होती. चाचांनी विचारलं तेव्हाच सरांना हे आठवलं. थंडीत व्हेपर लॉक? फडकं बांधणाऱ्यानं हा प्रश्न विचारलाच नव्हता.

दुसरा संशयित टाकीचं झाकण. टाकीतलं पेट्रोल कमी होतं तशी तिच्यात हवा यावी लागते. तो मार्ग मळानं बुजला, किंवा कुणी बाजारातलं भलतंच घट्ट झाकण लावलं, की टाकीत पोकळी वाढत जाते आणि पंपाची ओढ हरते. थांबलं की हळूहळू हवा शिरते आणि गाडी पुन्हा सुरू. लक्षण तंतोतंत तेच. तपासायला पैसाही लागत नाही: गाडी बंद पडली की लगेच उतरून झाकण उघडायचं आणि कान द्यायचा. 'सूंऽ' असा हवा आत ओढल्याचा आवाज आला तर चोर सापडला. चाचांनी सरांना एवढंच काम देऊन परत पाठवलं. पुढच्या खेपेला सर सांगत आले: आवाज नाही. झाकण निर्दोष.

यानंतर जे पाहिलं ते मला या सगळ्यातलं सर्वांत देखणं काम वाटलं. चाचांनी शेडच्या मागून एका मोडक्या मोपेडची छोटी टाकी काढली, कॉकसकट. ती धुऊन, ताजं पेट्रोल भरून फियाटच्या पुढच्या बंपरला पक्की बांधली आणि तिची नळी थेट पंपाला जोडली. गाडीची मूळ टाकी आणि पोटाखालची सगळी लाइन बाजूला पडली. याहून साधा प्रकार म्हणजे 'सलाइन लावणं': बॉनेटच्या हुकाला पेट्रोलची बाटली टांगून थेट कार्बोरेटरला थेंब-थेंब पुरवठा. पण सलाइन उभ्या गाडीसाठी. हायवेच्या रोगासाठी हायवेवरच ट्रायल हवी. (हे वाचून कुणी घरी करायला जाऊ नये. बंपरला बांधलेलं पेट्रोल म्हणजे पहिल्या धक्क्याला आग. चाचाही गाडीत अग्निशामक ठेवून, शक्यतो पहाटेच्या रिकाम्या रस्त्यावर जातात.)

पण पहाटे गेलं तर उन्हाचा प्रश्न सुटत नाही, म्हणून त्यांनी दुपारीही एक फेरी मारली, त्या दिवशी फडकं न बांधता. पांडवलेणी, विल्होळी, वाडीवऱ्हे, थेट घोटीच्या टोलनाक्याअलीकडून परत. एक आचका नाही. तोच पंप, तोच कार्बोरेटर, तेच ऊन, तोच वेग. बदलली होती फक्त टाकी आणि लाइन. तिघांनी ज्या तीन गोष्टींवर पैसे घेतले होते, त्या तिन्ही एका फेरीत सुटल्या. चाचांनी विजयाचा आव आणला नाही, नळी काढत एवढंच म्हणाले, "अब पीछे देखना है."

मागे बघण्याचीही रीत आहे. पंपाकडची नळी सोडून तिच्यातून टाकीच्या दिशेनं हवा मारायची. चाचांचा मदतनीस छोटू डिकीपाशी, टाकीचं झाकण उघडं ठेवून कान लावून बसतो. बुडबुड आवाज आला म्हणजे रस्ता मोकळा. आला. बहुतेक गॅरेजात काम इथेच संपतं, कारण हवा मारल्यावर गाडी खरंच बरी चालते. जाळीवर बसलेला मळ उडून टाकीत पसरतो, आठवडाभरात पुन्हा येऊन बसतो, आणि ग्राहक पुन्हा येतो. याला दुरुस्ती म्हणायला मी तयार नाही.

टाकी उतरवली. पेट्रोल आधी बाहेर काढलं, तेही हातपंपानं. तोंडानं नळी ओढून पेट्रोल काढायची सवय अजून कितीतरी गॅरेजांत आहे. घोट फुफ्फुसात गेला तर माणूस दवाखान्यात जातो. पांढऱ्या मलमलीतून ते गाळताच फडक्यावर तांबूस गाळ उरला, आणि त्यात काळे, मऊ, बोटानं चुरगळणारे कण. गंज कळला. जुनी पोलादी टाकी, अर्धी रिकामी राहणारी, पत्रा आतून गंजणारच. नळीच्या तळाची जाळी तपकिरी थरानं जवळजवळ लिंपलेली होती. इंजिन जोरात ओढायचं तेव्हा टाकीतला गाळ येऊन जाळीला चिकटायचा. इंजिन बंद झालं की ओढ संपायची, गाळ सुटून खाली बसायचा, रस्ता मोकळा. म्हणून ती दहा-पंधरा मिनिटं.

पण काळे कण? ते रबर होतं. टाकीत रबर असण्याचं काहीच कारण नाही, कारण रबराचा तुकडा जाळीच्या पुढे, पंपाच्या बाजूला असतो. पेट्रोल मागून पुढे जातं, पुढून मागे नाही. चाचा बराच वेळ ते कण बोटांत घोळवत बसले. मग टाकीजवळचा रबर पाइप काढला, पानानं उभा चिरला आणि उघडून सरांसमोर धरला. बाहेरून धडधाकट, नवाच वाटावा असा. आतला थर फुगून सुटला होता, आणि एका जागी त्याची लांब पापडी लोंबत होती. प्रवाह जोरात आला की ती पापडी पडद्यासारखी उभी राहून नळी बंद करणार. रबर टाकीत गेलं होतं ते आधीच्या मिस्त्र्यांनी मारलेल्या हवेनं. प्रत्येक 'दुरुस्ती'नं पाइपची साल काढून टाकीत टाकली होती. म्हणजे एक नव्हे, दोन अडथळे, आणि दोन्ही एकाच वेळी उघडे पडणारे, फक्त वेगात.

तो पाइप जेमतेम दोन-अडीच वर्षांपूर्वी बदललेला होता. इथे विषय गाडीवरून पेट्रोलवर येतो. जून २०२२ मध्ये देशात पेट्रोलमध्ये सरासरी दहा टक्के इथेनॉल मिसळण्याचं उद्दिष्ट गाठलं गेलं. ६ फेब्रुवारी २०२३ रोजी बंगळुरूत वीस टक्क्यांच्या, म्हणजे ई-२० पेट्रोलची सुरुवात झाली, आणि २०३० साठी ठरवलेलं वीस टक्क्यांचं लक्ष्य २०२५ वर आणलं गेलं. ऊस पिकवणाऱ्या महाराष्ट्रात याविरुद्ध बोलणं अवघड आहे, आणि मला बोलायचंही नाही. तेलाची आयात कमी होते, कारखान्यांना पैसा मिळतो. प्रश्न एवढाच की १९६८च्या फियाटच्या आराखड्यात इथेनॉल नव्हतं. साधं नायट्राइल रबर, पंपाचा पडदा, जुन्या पद्धतीचे कॉर्क आणि पॅकिंग यांना ते फुगवतं, मऊ करतं. जस्ताच्या मिश्रधातूत ओतलेल्या कार्बोरेटरवर पांढरी बुरशी आणतं. आणि ते पाणी ओढतं. पावसाळाभर अर्धी रिकामी टाकी दमट हवा आत घेत राहिली की ते पाणी इथेनॉलला धरून राहतं. प्रमाणाबाहेर गेलं की इथेनॉल आणि पाणी पेट्रोलपासून वेगळं होऊन तळाला बसतं. तळाला म्हणजे नेमकं जिथे नळीचं तोंड आहे तिथे. गंज तिथूनच सुरू होतो.

आणखी एक परिणाम पुरवठ्याच्या पुढच्या टोकाला होतो. लिटरभर इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या साधारण दोन तृतीयांश ऊर्जा असते, आणि ते जाळायला हवा कमी लागते: पेट्रोलला वजनानं साडेचौदा पट हवा लागते, तर इथेनॉलला नऊ पट. नव्या गाडीचा संगणक हे ओळखून इंधन वाढवतो. फियाटच्या सोलेक्स कार्बोरेटरला ओळखण्याची सोय नाही. त्याच्या जेटचं भोक जेवढं तेवढंच पेट्रोल येणार. म्हणजे मिश्रण 'लीन' होतं, इंजिन तापतं, चढाला दम लागतो. जेटवरचा आकडा मिलिमीटरच्या शंभराव्या भागात असतो. ११५ लिहिलं असेल तर भोक १.१५ मिलिमीटरचं. चाचा स्पार्क प्लग काढून त्याचा रंग बघतात: पांढरट असेल तर लीन, काजळी असेल तर रिच, विटकरी-तपकिरी हवा. सरांच्या गाडीचे प्लग पांढरट होते, म्हणून मुख्य जेट एक आकडा मोठा बसवला. कार्बोरेटर धुताना मात्र त्यांनी जेटमध्ये तार घातली नाही, छोटूलाही घालू दिली नाही. पितळ मऊ असतं. तार एकदा फिरली की भोक वाढतं, आणि मग गाडी पेट्रोल का पिते याचा शोध आयुष्यभर चालतो. त्यांच्याकडे त्यासाठी झाडूची काडी आहे.

टाकी साफ करायला सर्वांत जास्त वेळ गेला. साबणाच्या पाण्यानं पुन्हा पुन्हा धुऊन पेट्रोलची वाफ घालवली. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा धोकादायक, कारण पेट्रोल नव्हे तर त्याची वाफ स्फोट करते. वेल्डिंगवाल्यांकडचे अपघात असेच होतात. मग मूठभर बारीक खडी आणि पाणी आत घालून चाचा आणि छोटू दोघांनी ती आळीपाळीनं हलवली. लाल पाणी ओतायचं, पुन्हा खडी, पुन्हा पाणी. शेवटी पाणी स्वच्छ आलं. हवेनं सुकवून, थोडं पेट्रोल फिरवून टाकी बसवली. आतून रसायनाचा थर द्यावा का, असं सरांनी विचारलं. चाचांनी नाही म्हटलं: पत्रा नीट तयार केला नसेल तर तो थर वर्ष-दोन वर्षांत पापड्या होऊन सुटतो आणि पुन्हा जाळीवर येतो. अतिशय काळजीनं केलेले थर टिकतात हेही खरं, पण ती काळजी घेणारा माणूस आधी शोधायला हवा.

मधल्या काळात सरांच्या मुलानं पुण्याहून फोनवर सुचवलं होतं, 'इलेक्ट्रिक पंप लावून टाका ना.' जुन्या गाडीवाल्यांत हा सल्ला फार दिला जातो. चाचांचा त्याला विरोध आहे, आणि कारणं ऐकल्यावर माझाही. जाळी लिंपलेली असेल तर कोणताही पंप तिच्यातून पेट्रोल काढू शकत नाही. पंप जास्त दाबाचा निघाला तर निडल उचलली जाते आणि कार्बोरेटर गरम मॅनिफोल्डवर ओसंडतो. अपघातात इंजिन बंद पडलं तरी चावी चालू असेपर्यंत तो पेट्रोल ओतत राहतो. यांत्रिक पंप इंजिनाबरोबरच थांबतो. लावायचाच असेल तर कमी दाबाचा, टाकीजवळ, आणि धक्का बसला की बंद होणाऱ्या स्विचसकट.

पंप मात्र चाचांनी उघडून बघितलाच. आधीच्यानं नवं किट घालताना पंप आणि इंजिन यांच्यामधला बेकलाइटचा जाड तुकडा फेकून देऊन नुसतं कागदी पॅकिंग लावलं होतं. तो तुकडा इंजिनाची उष्णता पंपापर्यंत जाऊ देत नाही आणि दांड्याचा मारा योग्य ठेवतो. म्हणजे व्हेपर लॉक नव्हता, पण पुढच्या उन्हाळ्यात तो होण्याची सोय केलेली होती. तसा तुकडा मुंबईहून, कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरच्या जुन्या मालातून आला. गाडी जिथे जन्मली त्याच कुर्ल्यातून. असे भाग मिळणं आता कठीण होत चाललंय. पद्मिनी टॅक्सी होत्या तोवर पंपाचं किट कोपऱ्यावरच्या दुकानात मिळायचं. शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २००३ मध्ये नोंदली गेली होती. वीस वर्षांची मुदत संपून ती ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली, आणि तिच्या जिवावर चालणारा सुट्या भागांचा धंदाही आटला.

एक अडचण मिस्त्रीच्या हातातली नाही. २०२१ मध्ये आलेल्या नियमांनुसार पन्नास वर्षांवरच्या, मूळ स्वरूपात राखलेल्या खासगी गाडीला 'व्हीए' मालिकेतला क्रमांक घेता येतो. नव्या नोंदणीला वीस हजार रुपये, मुदत दहा वर्षं. पण अशी गाडी रोज रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, देखभाल अशा कामांपुरतीच काढायची. वारसा जपण्याच्या दृष्टीनं नियम समजण्यासारखा आहे. पेट्रोलच्या दृष्टीनं उभी गाडी ही सर्वांत आजारी गाडी. चालत्या गाडीच्या टाकीतलं पेट्रोल सतत बदलत राहतं; उभ्या गाडीत पेट्रोल शिळं होतं, चिकट राळ धरतं, त्याला वॉर्निशचा वास येतो. सरांनी व्हीए क्रमांक घेतलेला नाही, जुन्याच नोंदणीचं नूतनीकरण करून ठेवलं आहे, आणि आता दर रविवारी त्र्यंबक रस्त्यानं गाडी फिरवून आणतात.

सगळं जोडून झाल्यावर आम्ही घोटीच्या पुढे गेलो, इगतपुरी, आणि घाट उतरून कसाऱ्याला. परत चढताना दुपारचे दोन वाजले होते. सर न बोलता स्टिअरिंग धरून बसले होते, चाचा मागे पाय पसरून झोपले होते. घाटनदेवीपाशी कुणीच थांबलं नाही.

घरात अशी गाडी उभी असेल तर कार्बोरेटर उघडायला देण्याआधी मागून सुरुवात करा: झाकण, टाकी, जाळी, रबर. बंद पडली तर वेळ, वेग आणि ऊन लिहून ठेवा. मिस्त्रीला तेवढं पुरतं. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर टाकी काठोकाठ भरा, वर्षभर राहणार असेल तर पूर्ण रिकामी करा. पाइप घेताना 'पेट्रोलचा पाइप द्या' एवढंच न म्हणता इथेनॉल चालणारा, एसएई जे-३० आर-९ अशी छाप असलेला मागा, आणि तो दर दोन वर्षांनी बदला, बाहेरून कितीही चांगला दिसत असला तरी.